ओल धरलेली हाक

आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली, तेव्हा मी तिच्यावर संगमरवरी नक्षीची प्लास्टिकची शीट चिकटवून टाकली. ओल दिसेनाशी झाली आणि मी खूश झालो.

हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजण्यासारखं होतं. माझं मेहकरात रंगाचं दुकान आहे. पुट्टी, प्रायमर, डिस्टेंपर, गच्चीला मारायचं वॉटरप्रूफिंग, सगळं ठेवतो. थेट हिवरा आश्रम गावाहून लोक मोबाइलमध्ये आपापल्या भिंतींचे फोटो घेऊन येतात. मी चष्मा कपाळावर चढवतो, फोटो दोन बोटांनी मोठा करतो, वैद्यानं जीभ पाहावी तसा पाहतो आणि सांगतो, "हे रंगानं झाकू नका भाऊ. आधी पाणी कुठून येऊन राह्यलं ते शोधा." हा सल्ला मी फुकट देतो. फुकट वाटायच्या मालातलं आपण घरी थोडंच नेतो? मीही नेला नाही.

आता पुन्हा भादवा लागलाय. पोळा होऊन गेला, बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून पुरता उतरलेला नाही. दुकानाचं शटर सकाळी उघडताना रडतं. काडेपेटीची काडी ओढली की गुलाची नुसती मेणासारखी रेघ उमटते. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. वर्तमानपत्र उघडताना पूर्वी जो खडखडाट व्हायचा तो होत नाही, ओल्या फडक्यासारखं ते निमूट उलगडतं. अशा दिवसांत मी घरी गेलो की चपला काढतो आणि पहिलं आतल्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावतो. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, उलट्या तळव्यानं. भिंत कोरडी असते. तरी उद्या पुन्हा लावतो. ज्या वर्षी असा हात लावायचा होता त्या वर्षी लावला नाही, त्याची ही भरपाई. ती काही होत नाही, हे मलाही कळतं.

त्या वर्षाची सुरुवात खरं तर उन्हाळ्यातच झाली. घाटाखालचे लोक आम्हाला नेहमी म्हणतात, तुम्ही घाटावरचे, तुम्हाला कूलर कशाला पाहिजे? त्यांनी एकदा एप्रिलात आमच्या स्लॅबखाली दुपारी झोपून दाखवावं. होळी पेटली की वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात माळ्यावरून कूलर उतरतो. जुनं गवत काढून नवं भरायचं, पंख्याला तेल द्यायचं, चार जणांनी मिळून ते पत्र्याचं धूड खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवायचं. मग बाजूच्या फटी बुजवायच्या. पुठ्ठा, प्लायचा तुकडा, जुनं लुगडं, जे हाती येईल ते. कूलर बसला की ती खिडकी घरातून वजा होते. उजेड येत नाही, वारा येतो तो कूलरच्या मर्जीचा. पण पहिल्या दिवशी ओल्या गवताचा वास घेऊन गार झोत अंगावर आला की त्या खिडकीची आठवण कोण काढतो?

चढवायला चौघं मिळतात. उतरवायला कोणी मिळत नाही. मृग लागला की चढवणारे सगळे पेरणीला. मी म्हणालो, पेरणी उरकू द्या. पेरणी उरकली तर उघडीप पडून उकाडा सुरू झाला. म्हणालो, अजून दोन-चार दिवस लागेल. मग म्हणालो, पोळ्याला काढू. पोळ्याला म्हणालो, आता काय, होळीला पुन्हा चढवायचाच आहे. असा आमचा कूलर पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला.

त्याच्या टाकीला एका कोपऱ्यात गंज लागून भोक पडलं होतं. मी त्यावर डांबर थापलं. पाणी शहाणं, ते डांबराच्या बाजूनं गेलं आणि उन्हाळाभर आमच्या भिंतीत झिरपत राहिलं. वैशाखात खिडकीखाली तव्याएवढा डाग होता. मला दिसला होता. मी त्याला हातही लावून पाहिला आणि म्हणालो, "वा, भिंत गार राह्यते यानं." पावसाळा आला तेव्हा भिंतीचं पोट आधीच भरलेलं होतं. बाहेरून झडीचा मार, आतून खिडकी बंद. आषाढात तो डाग परातीएवढा झाला, श्रावणात त्याला काळे ठिपके आले आणि मग ठिपके एकमेकांचे हात धरून चालू लागले.

त्या खोलीत माझी बायको सुशीला झोपायची. मी समोरच्या खोलीत टीव्हीपुढे. मी घोरतो म्हणून लग्नानंतर काही वर्षांतच मला तिकडे हद्दपार केलेलं आहे. त्यामुळे आतल्या खोलीतली हवा ही एकट्या सुशीलेच्या वाट्याची. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता पाऊस लागून बसला की हे एकच सुचत राहतं.

सुशीलेबद्दल सांगायचं तर आधी तिच्या आवाजाबद्दल सांगावं लागेल. ती देऊळघाटची. लहानपणी तिची कामगिरी होती मळ्याच्या या बांधावरून त्या बांधावरच्या बापाला जेवायला हाक मारण्याची. आवाज तिथंच तयार झाला. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा मळा नव्हता, गल्ली होती, पण आवाज मळ्याच्या मापाचाच राहिला. आमचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, घर पार दुसऱ्या टोकाला. दुपारी भाकरी तव्यावर पडली की ती गॅलरीत यायची आणि एकच हाक मारायची, "अवो…" तो "वो" गल्लीतून निघायचा, सलीमभाईच्या फर्निचरच्या दुकानावरून जायचा, पानठेल्याला वळसा घालायचा आणि माझ्या गल्ल्यावर येऊन आदळायचा. गिऱ्हाइकं हसायची. पानठेलेवाला म्हणायचा, "शेठ, तुमचं समन्स आलं." भाजीवाली चौकापर्यंत गेलेली असली तरी सुशीलेच्या हाकेनं माघारी वळायची. मला त्या हाकेची लाज वाटायची. मी कितीदा म्हणालो, "अगं, मोबाइल कशाला घेऊन देला तुले? मिसकॉल दे ना." ती म्हणायची, "तोंड देलं देवानं, त्याले रिचार्ज लागत नाई."

तर त्या श्रावणात तिनं मला भिंत दाखवली. एकदा नाही, रोज. कोठीमागची कुरडयांची पिशवी काढली तर कुरडयांवर हिरवट लव आली होती. उन्हाळाभर गच्चीत पाठ भाजून केलेलं वाळवण तिनं उकिरड्यावर नेऊन टाकलं. माझ्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी, लग्नाच्या शालूच्या घडीवर पिवळे डाग. लग्नाचा अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली. हळूच सोडवली, तर फोटोत बुरशीनं नेमका माझाच चेहरा खाल्लेला. सुशीला म्हणाली, "तिलेबी तोच भाग नरम लागला."

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. मी पाण्याचा पेला दिला. तो पेला देतानाचं माझं हसू मला अजून दिसतं.

"कूलर काढा," ती म्हणाली. "खिडकी उघडा. भिंत सुकू द्या."

"भादव्यात कुठं भिंत सुकत असते? दिवाळीले पाहू. आता महालक्ष्म्या आल्या."

महालक्ष्म्या आल्या हीच तर माझी अडचण होती. आमच्याकडे महालक्ष्म्या आतल्या खोलीत, त्याच भिंतीला पाठ लावून बसतात. माझ्या आजीनं बसवल्या तिथं आईनं, आईनं बसवल्या तिथं सुशीलेनं. घर पाडून नवं बांधलं तरी जागा बोटभर हलवली नाही. सगळं गणगोत जेवायला येतं. त्यात बीबी गावात दिलेली आमची आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती कोणाच्या घरी गेली की देवाला नमस्कार करताना डोळे मिटत नाही, कोपऱ्यातली जळमटं मोजते. रंगाच्या दुकानदाराच्या घरी, महालक्ष्म्यांच्या डोक्यामागं, काळी-हिरवी भिंत. आक्कानं हे पाहिलं असतं तर बीबीच्या बाजारात भाजीबरोबर वाटलं असतं.

मी सलीमभाईकडे गेलो. त्याच्याकडे तेव्हा नव्यानंच त्या शीटा आल्या होत्या. संगमरवरी, लाकडी, विटांच्या, सोनेरी काठाच्या. सलीमभाई माझा जुना मित्र. माझ्या प्रत्येक मूर्खपणाला त्याची साथ असते, हे आमच्या मैत्रीचं लक्षण.

"ओल है थोडी," मी म्हणालो.

"ओल दिखती काय तुले या शीटमधून?" त्यानं शीटवर टिचकी मारली. "शेठ, दिवारच नाई दिखत, तं ओल कुठून दिखन?"

यात मला तेव्हा काहीच चूक दिसली नाही. उलट, इतका साधा उपाय मला का सुचला नाही याचं नवल वाटलं. त्याच दुपारी आम्ही दोघांनी मिळून शीट लावली. पोपडे थोडे खरवडले, डिंकासारखं चिकट सोल्यूशन थापलं आणि वरून दाबत गेलो. शीटखाली भिंत बुळबुळीत लागत होती. सुशीला दारात उभी होती. पदर नाकाला.

"काय होऊन राह्यलं हे?"

"मार्बल," मी म्हणालो.

 सलीमभाई जाताना तिला म्हणाला, "भाभी, आता पाहा, महल झाला." ती म्हणाली, "हाव. कबरीलेबी मार्बलच असते."

महालक्ष्म्या बसल्या. काय शोभा आली होती, खोटं कशाला बोलू? विजेच्या माळांचा उजेड त्या गुळगुळीत शीटवर पडून दुप्पट झाला होता. मुखवटे झळाळत होते. पुरणाचा, आंबिलीचा, केवड्याचा, कापराचा असा सगळा वास खोलीत कोंडून राहिला होता, कारण जायला वाट नव्हती. खिडकीतल्या कूलरवर मी फुलांचा पडदा सोडला होता. आक्का आली, हात जोडले आणि डोळे उघडे ठेवून म्हणाली, "मायबाई, मार्बल लावलं का रे?" पुढं होऊन तिनं हात फिरवला.  पण शीटनं मला दगा दिला नाही. "गार हाये," आक्का म्हणाली. मी मान खाली घालून विनयानं हसलो, जसं काही राजस्थानातून दगड मीच पाठीवर आणला.

मग आरती. आमच्याकडे आरती सुशीला उचलते आणि बाकीचे तिच्या मागं जातात. त्या दिवशी तिनं सुरुवात केली, पहिलं कडवं नीट गेलं, दुसऱ्यात वर चढायची जागा आली आणि आवाज मध्येच तुटला. दोरा तुटावा तसा. तिनं तोंड उघडं ठेवलं होतं, पण बाहेर काही येत नव्हतं. मग खोकला. सगळ्या बायका एक क्षण गोंधळल्या. माझ्या हातात झांज होती. मी काय केलं असेल? झांज जोरात वाजवली. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. बायकांनी आरती पुढं नेली, सुशीला भिंतीला टेकून बसली. त्याच भिंतीला.

"सुशे, कापूर लय लावला आज," आक्का म्हणाली.

"हाव, कापूरच असंन," सुशीला म्हणाली.

मग आमच्या घरात खोकल्याची कारणं शोधण्याचा मोसम सुरू झाला. कापूर झाला, फोडणी झाली, हळद झाली, शेजाऱ्यांची शेगडी झाली. थंड पाणी पितेस, म्हणालो. डोक्यावरून आंघोळ करतेस. अडुळशाचा काढा, आल्याचा रस, मधाचं चाटण, सगळं झालं. दसऱ्यानंतर ती भावाकडे देऊळघाटला जाऊन राहिली. तिथून फोनवर बोलली तर आवाज अगदी मोकळा, खोकल्याचा मागमूस नाही. घरी परतली आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा सुरू. हे पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. त्याऐवजी मला विनोद सुचला. दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचो, "आमच्या हिले नवऱ्याची ॲलर्जी हाये. माहेरी गेली की बंद, सासरी आली की चालू." लोक हसायचे. मीही हसायचो. घरी जाऊन तिलाही सांगितला. ती हसली नाही. विनोद समजावून सांगावा लागला की तो फसला असं म्हणतात. मी तोही समजावून सांगितला.

आणि याच सुमाराला केव्हातरी तिची हाक बंद झाली.

केव्हा ते मला सांगता येत नाही. याचीच मला सगळ्यात जास्त टोचणी आहे. एक दिवस दुपारी गल्ल्यावर मोबाइल वाजला. पाहतो तर घरचा नंबर. "जेवाले या," ती हळू आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही फोन. मग रोजच. मला केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांनी बाईला वळण लागलं. मी सलीमभाईला म्हणालो, "पाह्य, सुधारली की नाई?" सलीमभाई म्हणाला, "भाभी की आवाज नहीं आती तो दुपार झाल्यासारखीच वाटत नाई यार." पानठेलेवाल्यानंही एकदा विचारलं, वहिनी गावाला गेल्या का म्हणून. भाजीवालीनं विचारलं. अख्ख्या गल्लीला चुकल्यासारखं झालं होतं. एकटा मी समाधानी होतो. बायकोचा श्वास संपत चालला होता आणि मला वाटत होतं तिला मोबाइल वापरता यायला लागला.

हिवाळ्यात जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली. मी पुढं जाऊन वरून विचारायचो, "काय झालं?" ती हातानंच, काही नाही, अशी खूण करायची. बोलण्यात श्वास घालवायचा नाही, एवढं तिला तेव्हाच कळलं होतं. उशांवर उशा रचून बसूनच झोपायला लागली, तेव्हा मात्र मी घाबरलो. तिला बुलढाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आमची मुलगी शोभेल अशा वयाची बाई. तिनं सुशीलेच्या हातात एक नळी दिली, म्हणाली, "काकू, मोठा श्वास घ्या आणि एकदम जोरात फुंका." सुशीलेनं फुंकलं. काटा थोडा हलला आणि लाजल्यासारखा परत आला. पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मळ्याच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा श्वास होता तो. त्याला वीतभर नळी पार होईना. मी खुर्चीत बसून कॅलेंडर वाचत राहिलो.

डॉक्टरांनी विचारलं, खोकला कुठं वाढतो, कुठं कमी होतो? माहेरचं ऐकल्यावर डॉक्टरांनी मान वर केली.

"घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी वगैरे?"

"माझं रंगाचं दुकान आहे," मी म्हणालो.

"मी दुकानाचं नाही विचारलं काका. घरात ओल आहे का?"

"नाही," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, मी लबाडी करतोय असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. शीट लावली त्या दिवसापासून माझ्या लेखी ओल नव्हतीच. मी सुशीलेकडे पाहिलं. ती टेबलावरच्या नळीकडे पाहत होती. मग डॉक्टरांनी पुन्हा, या वेळी तिच्याकडे वळून विचारलं, "काकू, झोपता त्या खोलीत कसला वास येतो का?"

सुशीला माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भिंत झाकेल हाये आता."

डॉक्टर समजल्या. त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. बुरशीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत उडतात, श्वासाबरोबर आत जातात, काही माणसांच्या श्वासनळ्या त्यानं सुजतात. कोंदट खोलीत रोज तेच चाललं की दमा धरतो. औषध चालू करू, पण आधी त्यांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि भिंतीचं पाणी बंद करा. मी विचारलं, "म्हणजे पहिल्यासारखी होईल ना?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आटोक्यात राहील. पहिल्यासारखं होईल असं मी सांगत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं."

परत येताना एसटीत मी सुशीलेला म्हणालो, "तू आधीच काऊन नाई सांगतलं तिथं? मी नाही म्हटलं तवा?"

"चार माणसांत तुमची लाज काऊन काढू?"

"तिथं चार माणसं कुठं होती?"

"एक तं होती," ती म्हणाली. "ती पोरीसारखी डॉक्टर. तिच्यापुढं." आणि खिडकीबाहेर पाहत बसली. तिनं माझी लाज राखली. मी तिचा श्वास राखला नाही. 

दुसऱ्या दिवशी सलीमभाईला बोलावून शीट काढली. एका कोपऱ्यात पुट्टीची पट्टी खुपसून ओढली, तर सबंध शीट आपोआपच गळून आली. धरून ठेवायला मागं भिंत होतीच कुठं? वास आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. झाकून विसरलेल्या ओल्या पोत्याचा, मेलेल्या उंदराचा, विहिरीच्या तळाचा, थोडा थोडा सगळ्यांचा. भिंतभर काळी मखमल पसरली होती. तिच्यात हिरवी बेटं, कुठं कुठं नारिंगी कडा. मी आयुष्यभर छटा विकल्या, पण इतक्या छटा माझ्या शेडकार्डात नव्हत्या. सलीमभाईनं रुमाल तोंडाला लावला.

"शेठ," तो म्हणाला, "हमने तो अंदर खेती करून ठेवली."

त्यानंतर तो पुष्कळ दिवस आमच्या घरी आला नाही. दुकानात बसूनच विचारायचा, भाभी कशी आहे? आता शीट घ्यायला कोणी आलं की तो आधी विचारतो, भिंत कोरडी है का? नसली तर माझ्याकडे पाठवतो. मी चष्मा कपाळावर चढवतो आणि सल्ला देतो. पण पूर्वीसारखा आवाज लागत नाही माझाही.

कूलर त्याच आठवड्यात उतरवला. चार माणसं मिळाली. ती काय, नेहमीच मिळत होती. खिडकीची दारं इतकी फुगली होती की लाकूड तासावं लागलं. उघडली तेव्हा खोलीत उजेड आला आणि त्या उजेडात सुशीलेचा पलंग दिसला, भिंतीला लावलेला. उशीची बाजू भिंतीकडे. मी तो पलंग उगाचच पुसत बसलो. मग प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली, बाहेरून पाणी बंद केलं. त्यावर मी रंग दिला नाही. नुसता चुना आहे. रंगवाल्याच्या घरात चुन्याची भिंत, लोक हसतात. हसू द्यावं.

सुशीलेला रोज दम्याचा पंप घ्यावा लागतो. आधी मी त्यालाही आडवा आलो होतो. पंपाची सवय लागते असं कोणीतरी दुकानात म्हणालं होतं, ते मी घरी आणलं. ती म्हणाली, "श्वासाची सवय मले लहानपणापासूनच हाये." 

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तिनं सगळा सरंजाम समोरच्या खोलीत मांडायला घेतला. मी चाट पडलो. उपास, सोवळं, रीतभात यात तसूभर इकडेतिकडे न करणारी बाई. आक्का तर ओरडलीच, तीन पिढ्यांची जागा! सुशीला मुखवट्याला मळवट भरत होती, मान न वळवता म्हणाली, "कोंदट्यात कशाले बसवू त्याहीले? त्याह्यच्याबी जिवाले काही हाये का नाई?" आक्का उठली आणि खिडक्या उघडायला लागली.

आरती आता आक्का उचलते. सूर बेताचा आहे. सुशीला मागं बसून टाळ्या वाजवते आणि खालच्या आवाजात म्हणते. वर चढायची जागा आली की गप्प राहते, ओठ मात्र हलतात. मी झांज हळू वाजवतो. तेवढ्यात कदाचित काही ऐकू येईल म्हणून.

परवाची गोष्ट. सकाळपासून झड लागली होती, मग दुपारी उघडलं. वीज गेलेली होती, मोबाइल सगळ्यांचेच मेलेले. मी गल्ल्यावर बसून डब्यांवरची धूळ पुसत होतो. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून काहीतरी आलं. मला ओळखूच आलं नाही. सलीमभाईनं त्याच्या दुकानातून मान बाहेर काढली. पानठेल्यावरचा रेडिओही विजेअभावी बंद होता, म्हणून ऐकू तरी आलं.

"अ…" मग मध्ये थोडी जागा. मग, "…वो."

दोन तुकड्यांत आलेली, किनारीला खरखरीत, पण हाक. गॅलरीत उभी होती ती, कठड्याला हात लावून. सलीमभाई माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "शेठ, समन्स."

मी उठायला हवं होतं. हात वर करून, आलो, म्हणायला हवं होतं. पण मला लोभ सुटला. इतक्या दिवसांनी आली होती. वाटलं, अजून एकदा येऊ दे. मी मान खाली घातली आणि ऐकलं नाही असं दाखवून डबा पुसत राहिलो. कान मात्र सगळे गल्लीकडे. दुसरी हाक आली. आधीपेक्षा बारीक. तरी मी बसूनच. तिसरी येईल म्हणून थांबलो.

तिसरी आली नाही. बराच वेळ गल्लीत नुसता पागोळ्यांचा आवाज. मान वर केली तर गॅलरी रिकामी. मग पाहतो तर ती गल्लीतून चालत येत होती, चिखल चुकवत, मध्ये सलीमभाईच्या दुकानाच्या खांबाला धरून थांबत. सलीमभाईनं स्टूल पुढं केलं, तिनं हातानंच नको म्हटलं. माझ्या दुकानाच्या पायरीशी आली. छाती वरखाली होत होती. मी उभा राहिलो, हातात फडकं. दोन गिऱ्हाइकं होती, ती बाजूला सरकली. तिनं आधी श्वास जमवला, थोडा थोडा करून, एका वाक्यापुरता. मग म्हणाली,

"भिंतीची काढली ती शीट… आता कानाले लावून घेतली का?"